चमच्याने भरवावं की बाळाच्या हाती द्यावं?

सहावा महिना जवळ आला की घरात दोन तट पडायला लागतात. एकाचं म्हणणं, मऊ कुस्करून चमच्याने भरवा, आजवर मुलं तशीच वाढली. दुसऱ्याच्या फोनवर व्हिडिओ असतात: बाळ खुर्चीत ताठ बसलंय, मुठीत ब्रोकोलीचा तुरा आहे आणि आई शेजारी बसून निवांत आपलं जेवतेय. या दुसऱ्या पद्धतीला बेबी-लेड वीनिंग म्हणतात. ब्रिटनमधल्या जिल रॅप्ली यांच्यामुळे ती गेल्या वीसेक वर्षांत घरोघरी पोचली. प्युरे, म्हणजे वाटून केलेला गुळगुळीत लगदा नाही, भरवणं नाही. हातात धरता येतील असे मऊ तुकडे समोर ठेवायचे. त्यातलं काय आणि किती खायचं ते बाळ ठरवणार.

माझा कल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तो वजा करता येईल. सुरुवात चमच्याने करावी, पण पहिल्या महिन्यातच हाताने खायची एखादी गोष्ट पुढ्यात ठेवावी. कुठल्याच पद्धतीचं व्रत घेऊ नये. तरीही दोन्हींतले फरक खरे आहेत आणि काही घरांत ते निर्णय फिरवण्याइतके मोठे ठरतात.

कधी सुरू करायचं याचं उत्तर दोन्हीकडे जवळपास एकच आहे. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे १८० दिवसांनी, वरचं खाणं सुरू करायला सांगते, आणि अंगावरचं दूध पुढे दोन वर्षं किंवा त्याहून जास्त चालू ठेवायला. युरोपातल्या बालपोषणतज्ज्ञांची संघटना जरा सैल आहे: चार महिन्यांच्या आत नको, सहाच्या पुढे ढकलू नका. तारखेइतकंच बाळाकडेही बघायला हवं. मान पक्की धरली आहे का, थोड्या आधाराने बसतं का, तोंडात घातलेलं जिभेने बाहेर ढकलणं थांबलं आहे का? रात्री उठतं, मूठ चोखतं, एवढ्यावरून ते खायला तयार झालं असं होत नाही. दात यायची वाट बघायचीही गरज नाही. मऊ घास हिरड्यांनी छान चिरडता येतो.

पहिला फरक इथेच दिसतो. काही कारणाने डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या थोडं आधी सुरू करायला सांगितलं, तर फक्त चमचाच चालतो. हाताने खाणं नीट बसता येईपर्यंत सुरूच करता येत नाही.

घास अडकायची भीती

खरा अडसर हाच असतो, त्यामुळे यावर जरा थांबते.

सहा महिन्यांच्या बाळाला शिजवलेल्या रताळ्याची फोड दिली की काय होतं बघा. ते ती मुठीत आवळतं, अर्धी बोटांतून बाहेर येते, उरलेली तोंडात जाते. तुकडा जिभेच्या मागच्या भागाला लागला की बाळ उमासा काढतं: तोंड लाल, डोळ्यांत पाणी, जीभ पुढे, खोकल्याचा आवाज, आणि तुकडा बाहेर. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, बाळ मात्र पुढच्या क्षणी तोच तुकडा शोधतं. या वयात उमाशाची जागा जिभेवर बरीच पुढे असते, म्हणून तो सहज येतो. ते शरीराचं संरक्षण आहे.

घास खरंच अडकला तर उलट शांतता असते. बाळाला रडता येत नाही, खोकता येत नाही, ओठ निळसर पडू लागतात. ज्याला हा फरक ओळखता येत नाही त्याने भरवू नये, मग पद्धत कुठलीही असो. जोरात खोकत असेल तर खोकू द्यावं. आवाज बंद झाला तर बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून दोन खांद्यांच्या मधे पाच थपडा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, असं आलटून पालटून करायचं आणि कुणाला तरी लगेच मदत बोलवायला लावायचं. न दिसणारा तुकडा काढायला तोंडात बोट घालायचं नाही, तो आणखी आत जातो. हे वाचून येत नाही. प्रथमोपचाराच्या वर्गात बाहुलीवर एकदा करून बघावं.

मग हाताने खाल्ल्याने घास जास्त अडकतो का? न्यूझीलंडमध्ये दोनशेच्या वर बाळांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. हाताने खाणाऱ्या बाळांच्या पालकांना कोणते पदार्थ टाळायचे हे नीट शिकवलं होतं. सहा ते आठ महिन्यांच्या काळात एकंदर ३५ टक्के बाळांचा घास निदान एकदा अडकला, पण दोन गटांत ठळक फरक नव्हता. हाताने खाणाऱ्यांना सहा महिन्यांच्या वयात उमासे जास्त आले, आठ महिन्यांच्या वयात कमी. मला त्यातली वेगळीच गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी वाटते: धोकादायक पदार्थ दोन्ही गटांतल्या पुष्कळ बाळांना दिले गेले. म्हणजे धोका पदार्थात आणि त्याच्या आकारात आहे.

त्यामुळे शिजवलेली फोड अंगठा आणि तर्जनीत सहज दबली पाहिजे. सहाव्या महिन्यात बाळ पूर्ण मुठीने धरतं, तेव्हा फोड मोठ्या माणसाच्या बोटाएवढी लांब हवी, म्हणजे मुठीबाहेर थोडी उरते. आठव्या-नवव्या महिन्यात चिमटीत पकडता येऊ लागलं की बारीक मऊ तुकडे. द्राक्षं उभी चिरून चार भाग करायची. कच्चं गाजर, कच्च्या सफरचंदाचे तुकडे, अख्खे दाणे, पॉपकॉर्न, सॉसेजच्या चकत्या, टणक गोळ्या यातलं काही नको. बाळ खाताना सरळ बसलेलं हवं, आणि कुणीतरी समोर हवं.

लोह: चमच्याची भक्कम बाजू

बाळ पोटात असताना शेवटच्या तीन महिन्यांत लोहाचा साठा करून घेतं, आणि तो साधारण सहा महिने पुरतो. अंगावरच्या दुधात लोह फार थोडं असतं. अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे सात ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह लागतं. प्रौढ पुरुषाला ८ पुरतं! म्हणून पहिल्या दिवसांत भोपळा आणि सफरचंदाच्या पातळ प्युऱ्यांतच रमणं मला पटत नाही. खिमा, चिकन, मासे, अंडं, मसूर, राजमा, लोह घातलेलं तयार सिरियल यांपैकी काहीतरी पहिल्या आठवड्यापासून रोज पोटात जायला हवं. डाळी-कडधान्यांतलं लोह अंगी लागायला जरा हट्टी असतं, सोबत टोमॅटो किंवा संत्रं दिलं की बरंच जास्त शोषलं जातं.

चमच्यावर हे सोपं आहे. वाटलेला मसूर गिळायला बाळाला कौशल्य लागत नाही. हाताने खाणाऱ्या बाळाच्या हाती मात्र सोयीचं म्हणून उकडलेलं गाजर आणि केळं येतं, आणि दिवस त्यावरच निघून जातो. यावर उपाय आहे: खिम्याचे मऊ लांबट गोळे, ऑम्लेटच्या पट्ट्या, राजमा कुस्करून केलेल्या टिक्क्या. न्यूझीलंडच्या चाचणीत दर जेवणात लोहाचा एक पदार्थ ठेवायला सांगितलं होतं, आणि बाळं वर्षाची झाली तेव्हा दोन्ही गटांत लोहाची स्थिती सारखीच निघाली. म्हणजे जमतं, पण रोज डोक्यात ठेवावं लागतं. एवढा उरक नसेल तर चमचा घ्या.

भूक, वजन आणि एक फसवा दावा

हाताने खाणारी मुलं पुढे लठ्ठ होत नाहीत असं ठासून सांगितलं जातं. त्याच चाचणीचे २०१७ चे निकाल तसं म्हणत नाहीत. उंचीच्या मानाने वजनात फरक दिसला नाही. तेव्हा या कारणासाठी पद्धत निवडू नका.

पोट भरल्याचं बाळ सांगतं, ते ऐकलं जातं का हा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे, आणि इथे चमचा बदनाम आहे तो काहीसा आपल्या करणीने. टीव्ही लावून, तोंड उघडलं की घास सारून, उरलेला वरच्या हिरडीला पुसून चमचा बाहेर काढला जातो. नीट भरवणं वेगळं दिसतं. चमचा तोंडासमोर आडवा धरून थांबायचं. बाळ पुढे झुकतं, तोंड उघडतं, वरचा ओठ खाली आणून घास स्वतः ओढून घेतं. मान फिरवली, ओठ मिटले, की जेवण संपलं. वाटीत किती उरलंय ते बघायचं नाही. सहा ते आठ महिन्यांत वरच्या खाण्यातून दिवसाला साधारण २०० किलोकॅलरीच लागतात, बाकी सगळं दूध भागवतं. सुरुवातीला दोन-तीन चमचे खाल्ले तरी ते जेवणच.

चमच्याचा दुसरा दोष जास्त गंभीर आहे: लोक प्युरेवर अडकून बसतात. गुठळ्या असलेलं, चावायला लावणारं अन्न दहा महिन्यांच्या पुढे ढकललं तर नंतर खाण्याच्या तक्रारी वाढतात असं आढळलं आहे. हाताने खाणाऱ्याला हा प्रश्नच येत नाही. चमचेवाल्यांनी महिनाभरात मिक्सर बाजूला ठेवून कुस्करायला काटा हाती घ्यावा. प्युरेच्या थेट चोखून प्यायच्या पाकिटांबद्दल तर बोलायलाच नको. प्रवासात ठीक, पण तेव्हाही चमच्यावर पिळून.

अ‍ॅलर्जीच्या बाबतीत दोन्ही पद्धती सारख्या, फक्त रूप बदलतं. शेंगदाणा आणि अंडं पुढे ढकलायचा सल्ला आता मागे पडला आहे. २०१५ साली ब्रिटनमधल्या चाचणीत अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या ज्या बाळांना लवकर शेंगदाणा दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी त्याची अ‍ॅलर्जी कितीतरी कमी दिसली. पीनट बटर पाण्यात किंवा दुधात पातळ करून द्यायचं. घट्ट गोळा घशाला चिकटतो. तीव्र एक्झिमा (त्वचेवर खाजरे, कोरडे चट्टे) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टर. नवा पदार्थ एका वेळी एकच, दिवसा, आणि पचला तर पुढेही नियमित. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, शिजवूनही नाही. त्यातल्या जिवाणूच्या बीजाणूंनी बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. मीठ, साखर, फळांचा रस यांची गरज नसते.

मग कुणी काय निवडावं

बाळ वेळेआधी जन्मलं असेल, वजन वाढत नसेल, स्नायू ढिले असतील किंवा गिळायला त्रास असेल, तर चमचा, आणि तोही डॉक्टरांशी बोलून. उलट चमचा दिसला की तोंड घट्ट मिटणारं, पण तुमच्या ताटाकडे झेपावणारं बाळ असेल तर त्याच्या हातात द्या. रोज चमच्याशी झटापट करण्यात अर्थ नाही. तुम्ही स्वतः उमासा बघून घाबरत असाल, तर तेही निवडीचं योग्य कारण आहे. घाबरलेला माणूस बाळाच्या तोंडात बोट घालतो.

पसारा आणि वेळ? हाताने खाण्यात फरशी पुसावी लागते, भरवण्यात अर्धा तास हात अडकतो. ज्याला जे परवडतं ते.

बाळ दिवसभर पाळणाघरात किंवा दुसऱ्या कुणाकडे राहत असेल, तर तिथे एका माणसाचं लक्ष तीन-चार मुलांवर वाटलेलं असतं. तिथल्या जेवणाला चमचा सांगा आणि हाताने खाणं संध्याकाळी घरी, तुम्ही समोर बसलेले असताना ठेवा. दोन ठिकाणी दोन पद्धती खुशाल चालू द्या. पण काय द्यायचं नाही त्याची यादी दोन्ही ठिकाणी एकच हवी, आणि ती तोंडी न सांगता लिहून द्यावी.