‘व्हेरिफाइड’ ईमेल यादी विकणाऱ्यापासून सांभाळून

निवडणूक जवळ आली की यादी विकणारे उगवतातच. आमच्या प्रचार कार्यालयात आलेल्या गृहस्थाने मतदारसंघातले 50,000 ‘व्हेरिफाइड’ पत्ते देतो, वर पत्रंही आमच्याच डोमेनवरून (ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या आमच्या नावावरून) पाठवून देतो, असं सांगितलं. नमुन्याचे पत्ते तपासले, तर एकूण एक खरे. मेख तिथेच होती: नमुना वेचून काढलेला होता.

पहिलं पत्र गेल्यावर त्याने अहवाल दाखवला. निम्म्याहून जास्त लोकांनी म्हणे पत्र उघडलं! हा आकडा दाखवून भल्याभल्यांना गुंडाळतात. पत्रातलं चित्र उतरलं की पत्र उघडलं, असं धरून हा आकडा काढतात. पण 2021 पासून ॲपलचं मेल ॲप पत्रातली चित्रं आपणहून आधीच उतरवून घेऊ शकतं. माणसाने पत्राकडे ढुंकून पाहिलं नाही तरी ते ‘उघडलं’ म्हणून मोजलं जातं. परत आलेल्या पत्रांचा रकाना मात्र अहवालात नव्हताच.

खूप मागे लागल्यावर मूळ फाइल मिळाली. अकारविल्हे लावली आणि पितळ उघडं पडलं. एकच नाव, त्यापुढे 1, 2, 3 करत ओळीच्या ओळी. जीमेलचं स्पेलिंग चुकलेले पत्ते. ‘इन्फो’, ‘सेल्स’, ‘सपोर्ट’ यांची तर खोगीरभरती. यातला मतदार कोण?

पैसे गेले ते गेलेच, पण खरा फटका पुढे बसला. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलवर दिवसाला 5,000 हून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात, म्हणजे हजारात तिघांनीही बटण दाबलं की संपलं. शिवाय अशा यादीत सापळ्याचे पत्ते असतात. ते कोणी माणूस वापरत नाही, त्यामुळे तिथे पत्र पोचलं की यादी उचललेली आहे हे मेल कंपनीला लगेच कळतं. आमच्या डोमेनची पत गेली. स्वतःहून नाव नोंदवलेल्या कार्यकर्त्यांना पाठवलेली बैठकीची पत्रंसुद्धा स्पॅममध्ये पडायला लागली, तीही ऐन प्रचारात.

कोणी यादी घेऊन आला तर एकच विचारा: प्रत्येक पत्त्यासमोर संमती कधी आणि कुठे घेतली, तो रकाना दाखवा. आमच्या माणसाने यावर ‘ते धंद्याचं गुपित’ असं उत्तर दिलं होतं. आणि बिल नीट वाचा. आमच्या बिलावर पत्त्यांची संख्या नव्हती, ‘व्हेरिफाइड’ शब्द नव्हता. नुसतंच ‘डेटा सेवा’. परतावा मागितला, तर त्याने त्याच ओळीवर बोट ठेवलं.