अबू सिंबेलची वाळू आणि छपाईचा तपकिरी रंग

युरोपीय प्रवाशांनी १८५०च्या दशकात इजिप्तमध्ये टिपलेल्या छायाचित्रांच्या पुनर्मुद्रणाचा एक मोठा आल्बम मी गेल्या महिन्यात मागवला. पक्की पुठ्ठाबांधणी आणि जाड कागद पाहता १,८५० रुपये ही किंमत जास्त वाटली नाही. माझी तक्रार आहे ती छपाईबद्दल.

चित्रांची निवड जाणकाराने केलेली दिसते. फ्रेंच लेखक माक्सीम द्यु काँ १८४९मध्ये कादंबरीकार गुस्ताव फ्लोबेरसोबत इजिप्तला गेला. कागदी निगेटिव्हवर घेतलेली त्याची १२५ छायाचित्रे १८५२मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. अबू सिंबेलच्या मंदिराच्या चित्रात वाळूतून वर आलेल्या फेरो रामसेसच्या पुतळ्याच्या मुकुटावर एक माणूस बसलेला आहे. तो द्यु काँच्या बोटीवरचा खलाशी हाजी इस्माईल. पुतळ्याच्या आकाराचा अंदाज यावा म्हणून त्याला वर चढवले जाई आणि त्याने हलू नये म्हणून कॅमेऱ्याची पितळी नळी ही तोफ असल्याची थाप मारली जाई. आल्बममधील टिपेत मात्र त्याचे नावच नाही, हे मला खटकले.

इंग्रज छायाचित्रकार फ्रान्सिस फ्रिथने १८५६पासून तीन सफरींत कागदाऐवजी काचेच्या निगेटिव्हवर काम केले. त्याच्या काही काचा १६ बाय २० इंचांच्या होत्या, आणि तंबूतला पारा ११० अंश फॅरनहाइटवर गेला की काचेवर ओतलेले कलोडियन (छायाचित्राचा थर धरणारे चिकट द्रावण) उकळू लागे. एवढ्या खटाटोपातून दगडावरच्या छिन्नीच्या खुणाही दिसाव्यात इतका रेखीवपणा त्याने मिळवला. द्यु काँच्या चित्रांत मात्र कागदाच्या तंतूंमुळे कडा मऊ होतात आणि मूळ छाप थंड, करडे दिसतात. प्रकाशकाने या दोघांनाही एकाच सरसकट तपकिरी रंगात छापले आहे. जुने म्हणजे तपकिरी, ही समजूत दिवाणखान्यातल्या तसबिरीपुरती ठीक. इथे तिने कागद आणि काच यांतला फरकच पुसला आहे.

फिले बेटावरील रोमन सम्राट त्राजानच्या मंडपाचे चित्र दोन पानांवर पसरले असून त्याचा एक खांब शिवणीत गडप झाला आहे. कळवल्यावर विक्रेत्याने तत्परतेने दुसरी प्रत पाठवली. तिच्यातही तो खांब शिवणीतच आहे.