एक दिवसाची सहल की सहामाहीभराचा ओढा?

सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय पदवीला सक्तीचा झाला. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आधीच्या 50 तासांच्या अभ्यासक्रमात 5 तास क्षेत्रभेटीला आणि 100 पैकी 25 गुण त्या कामाला होते. क्षेत्रभेटीचे गुण मिळवायचे दोन मार्ग.

पहिला: बस करून एका दिवसात अभयारण्य किंवा सांडपाणी प्रक्रिया केंद्र पाहायचं, फोटो चिकटवून फाइल द्यायची. शेकडो मुलांच्या वर्गाला हेच झेपतं, ते खरंच आहे. पण फाइली एकमेकांच्या बघून उतरवल्या जातात, हेही सगळ्यांना ठाऊक असतं.

दुसरा: कॉलेजजवळचा एकच ओढा धरायचा. पुण्यात असाल तर बावधन-पाषाणमधून मुळेला मिळणारी रामनदी. दर आठवड्याला तिथेच जायचं. पाण्याचा रंग, वास, काठची झाडं, कचरा कुठून येतो ते वहीत टिपायचं. शिवाय आपल्या घरचं सांडपाणी कुठे जातं, हेही लिहायचं. इथे भल्याभल्यांची लेखणी अडखळते! मग नोंदी घेऊन वॉर्ड ऑफिसात अर्ज.

वेळखाऊ आहे, पावसाळ्यात चिखल, गुण देणंही अवघड. तरी निवड माझ्या हाती असती, तर मी ओढाच धरला असता. वर्ग मोठा असेल तर दहा-दहांचे गट करा आणि काठ वाटून द्या.