बार्बाडोसहून लंडन, रात्रीचं विमान, प्रीमियम इकॉनॉमी: अकरा महिन्यांत तीनदा केल्यानंतरचा अनुभव

ताई बार्बाडोसला केव्ह हिलच्या युनिव्हर्सिटीत शिकवते आणि आम्ही लंडनजवळ राहतो, त्यामुळे 2025 मध्ये आमचं तिकडे तीनदा जाणं झालं, फेब्रुवारी, ऑगस्ट आणि डिसेंबर. तिन्ही वेळा परत येताना रात्रीचं विमान आणि तिन्ही वेळा प्रीमियम इकॉनॉमी, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधला क्लास. पहिल्या खेपेनंतरच लिहायचं होतं पण एका प्रवासावरून मत बनवणं बरोबर वाटेना. आता तीन झाले, एकदा आई बरोबर होती, एकदा आठ वर्षांचा मुलगा, एकदा आम्ही दोघंच, म्हणजे बऱ्यापैकी सगळे प्रकार बघून झालेत. विमान कंपन्यांची नावं घेत नाहीये, कारण जे सांगायचंय ते थोड्याफार फरकाने सगळीकडे लागू आहे.

आधी माझं मत सांगून टाकते. जाताना इकॉनॉमी, येताना प्रीमियम. दोन्हीकडून प्रीमियम घेऊ नका, पैसे वाया जातात. का ते सांगते.

जाताना विमान दिवसाचं असतं, नऊ तासांच्या आसपास. पिक्चर बघा, जेवा, वाचा, पाय मोकळे करायला फेऱ्या मारा, आणि उतरलात की तिकडे दुपार असते, समोर समुद्र, थकवा कुठल्या कुठे जातो. येताना मात्र सगळं उलटं. संध्याकाळी समुद्रावरून उठायचं, अंगावरचं मीठ धुवायचं, ग्रँटली अ‍ॅडम्स एअरपोर्टवर जायचं, आठच्या सुमाराला विमान सुटतं आणि आठेक तासांत लंडन. वारं पाठीमागून असतं म्हणून परतीचा प्रवास तासभर तरी कमी. ऐकायला बरं वाटतं पण झोपेच्या दृष्टीने तेच वाईट आहे, कारण आठ तासांतला पहिला सव्वादोन तास टेकऑफ आणि जेवणात जातो आणि उतरायच्या दीड तास आधी दिवे लावून नाश्ता. हातात उरतात सव्वाचार तास. हिवाळ्यात बार्बाडोस लंडनच्या चार तास मागे असतं, उन्हाळ्यात पाच. म्हणजे हिवाळ्यात लंडनला सकाळी आठला चाकं टेकतात तेव्हा आपल्या शरीराला पहाटेचे चार वाजलेले असतात. फेब्रुवारीत उतरल्यावर नवरा तसाच अकराच्या मीटिंगला बसला होता म्हणून हे सव्वाचार तास किती महत्त्वाचे ते कळलं. पैसे त्या सव्वाचार तासांसाठी द्यायचे, बाकी कशासाठी नाही.

आता सीट. इकॉनॉमीत पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत साधारण 31 इंच मिळतात, प्रीमियममध्ये 38. कागदावर सात इंच म्हणजे काहीच वाटत नाही, पण गुडघा आणि पुढची सीट यांच्यात हात घालून बघा, इकॉनॉमीत तळहात आडवा जेमतेम जातो, इथे अख्खी पर्स मांडीसमोर राहते. रुंदीला दीड-दोन इंच जास्त, आणि मधला आर्मरेस्ट इतका रुंद की कोपरावरून भांडण नाही. मागे किती जाते तर सात-आठ इंच. बोइंग 787 विमानात प्रीमियमला रांगेत दोन-तीन-दोन सीट असतात, इकॉनॉमीत तीन-तीन-तीन. जोडप्याला किंवा आई-मुलीला दोनची जोडी मिळते हे मला सीटच्या रुंदीपेक्षा मोठं वाटतं, रात्री बाथरूमला जायला अनोळखी माणसाला उठवावं लागत नाही.

पण ही बेड नाही. हे मनाशी पक्कं करून जा. कुशीवर वळता येत नाही, पाठ कललेलीच राहते आणि तासाभराने माणूस हळूहळू पुढे घसरतो. फेब्रुवारीत मी याच कारणाने दोनदा जागी झाले. ऑगस्टमध्ये एअर होस्टेसने सांगितलं की ब्लँकेटची घडी उशीसारखी मागे न घेता कमरेच्या खाली, जिथे सीट आणि पाठ जुळते तिथे दाबून ठेवा. त्या एका गोष्टीने झोप सलग अडीच तास लागली. माझ्यासाठी विमानात अडीच तास म्हणजे खूप.

आईचं सांगते, कारण हा सगळा खटाटोप मुळात तिच्यासाठी सुरू झाला. आई रत्नागिरीची, वय 71, दोन्ही गुडघे दुखरे, उंची चार फूट अकरा इंच. फेब्रुवारीत ती आमच्याकडे आली होती तेव्हा तिला घेऊन ताईकडे गेलो (भारतीय पासपोर्टला बार्बाडोसचा व्हिसा लागत नाही, फक्त इंग्लंडचा तिचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते बघून घेतलं). तिचे पाय नेहमीच्या सीटवर जमिनीला टेकतच नाहीत, लोंबकळत राहतात, मांडीच्या मागे सीटची कड रुतते आणि उतरेपर्यंत घोटे इतके सुजतात की चप्पल जात नाही. मुंबईहून लंडनला येताना तसंच झालं होतं. प्रीमियममध्ये पुढच्या सीटखालून दांडीसारखा फूटरेस्ट खाली येतो. तिने मोजे काढले नाहीत, फक्त चप्पल काढली, पाय त्यावर ठेवले, शाल गुडघ्यांवर घेतली आणि म्हणाली, "टेकले गं एकदाचे." लंडनला उतरताना मी वाकून तिचे घोटे दाबून बघितले, बोट दाबल्यावर खड्डा पडला पण लगेच भरून आला. मागच्या वेळी तो खड्डा तसाच राहिला होता. मी डॉक्टर नाही, आणि तिला डॉक्टरांनी सांगितलेले घट्ट मोजे पण होते, मधून दोनदा उठवून फिरवलं पण होतं, त्यामुळे सगळं श्रेय सीटला देणार नाही, पण फरक पडला हे डोळ्यांनी बघितलं.

हाच फूटरेस्ट नवऱ्याच्या काही कामाचा नाही. तो सहा फूट, त्याचे गुडघे उलटे वर येतात. त्याला सगळ्यात पुढची रांग हवी असते. पण पुढच्या रांगेचं नीट समजून घ्या. तिथे समोर सीट नसल्यामुळे ट्रे आणि स्क्रीन आर्मरेस्टमध्ये असतात, त्यामुळे आर्मरेस्ट वर उचलत नाही, बसायची जागा थोडी अरुंद होते, आणि टेकऑफ-लँडिंगला पर्सही वरच ठेवावी लागते. आणि समोरच पॅन्ट्री किंवा बाथरूम असेल तर रात्रभर पडदा सरकतो, उजेड तोंडावर. डिसेंबरमध्ये आम्ही तिसरी रांग घेतली, ती सगळ्यात शांत निघाली.

बाजू कुठली घ्यायची हेही महत्त्वाचं आहे आणि कोणी सांगत नाही. विमान ईशान्येला जात असतं, त्यामुळे हिवाळ्यात सूर्य उजवीकडून उगवतो. म्हणून डावीकडच्या सीट घ्या. ऑगस्टमध्ये तर बार्बाडोसच्या घड्याळाने रात्री दीडलाच उजाडायला लागतं, नुकती झोप लागलेली असते. 787 च्या खिडकीला झडप नसते, बटणाने काच गडद होते पण पूर्ण काळोख होत नाही. डोळ्यांवरची पट्टी देतात ती पातळ असते, घरून चांगली घेऊन जा. 787 चा फायदा म्हणजे आतली हवा, केबिनमधला दाब सहा हजार फुटांवर असल्यासारखा ठेवतात, जुन्या विमानांत तो आठ हजारांपर्यंत असतो, आईचं डोकं यावेळी दुखलं नाही.

जेवण काचेच्या ग्लासात पाणी आणि कापडी नॅपकिनसकट येतं, तेवढं छान वाटतं, पण रात्रीच्या विमानात माझा सल्ला आहे की एअरपोर्टला जाण्याआधी घरीच जेवून घ्या आणि जेवणाची गाडी यायच्या आधी झोपून टाका. डिसेंबरमध्ये तसं केलं तर तासभर झोप जास्त मिळाली. ताईने निरफणसाचे काप करून दिले होते. तिकडे निरफणस घराघरांत खातात, ब्रेडफ्रूट म्हणतात, भाजून, उकडून, आणि आई फेब्रुवारीत बाजारात ते बघून जी हरखली, "अगं हे आपलं निरफणस!" म्हणून दोन उचललेच तिने. ताईने तेव्हापासून कोकणातल्यासारखे तांदळाच्या पिठात घोळवून काप करायला सुरुवात केली. ते खाऊन विमानात बसलं की कुठल्या ट्रेची वाट बघावी लागत नाही. शाकाहारी असाल तर एशियन व्हेजिटेरियन आधी नोंदवून ठेवा, नुसतं व्हेज म्हटलं तर पास्ता येतो.

पैशाचं. आम्हाला येतानाच्या एका बाजूला माणशी साधारण 280 पाऊंड जादा पडले, बुकिंग करतानाच दोन दिशांना दोन क्लास निवडले. फेब्रुवारीत दोन्हीकडून प्रीमियम घेतलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली नव्हती ती म्हणजे टॅक्स. इंग्लंडमधून निघताना सरकार जो एअर पॅसेंजर ड्यूटी घेतं तो इकॉनॉमीला कमी आणि त्याच्या वरच्या कुठल्याही क्लासला दुपटीहून जास्त. एप्रिल 2025 ते मार्च 2026 या वर्षात तो बार्बाडोसच्या अंतराला इकॉनॉमीत 90 पाऊंड होता, प्रीमियमला 216. बिझनेसवाल्याला जेवढा तेवढाच प्रीमियमवाल्याला! आणि 16 वर्षांखालच्या मुलांना माफ असतो तो फक्त सगळ्यात खालच्या क्लासला. पण हा टॅक्स निघतानाच लागतो, परत येताना नाही. म्हणजे जाताना इकॉनॉमी घेतली की माणशी 126 पाऊंड इथेच वाचले, आणि मुलाचे सगळे वाचले. ऑगस्टमध्ये हे गणित करून बघितलं आणि तेव्हापासून तसंच करतोय.

लाउंज मिळत नाही, काही जणांचा गैरसमज असतो. चेक-इनची वेगळी रांग, आधी बोर्डिंग, आणि आमच्या तिकिटावर 23 किलोच्या दोन बॅगा, एवढं मिळालं. दोन बॅगांचा उपयोग झाला, मिरचीच्या पिवळ्या सॉसच्या बाटल्या आणि रम हॅन्डबॅगेत नेता येत नाही. व्हीलचेअर मात्र कुठल्याही क्लासला फुकट असते, आईवडिलांसाठी त्याकरता प्रीमियम घ्यायची गरज नाही, फक्त 48 तास आधी सांगून ठेवा.

आता जे वाईट झालं ते. ऑगस्टमध्ये निघायच्या तीन दिवस आधी विमान बदललं, 787 च्या जागी दुसरं आलं आणि पैसे भरून घेतलेल्या सीट विस्कटल्या. मुलगा एकीकडे, मी दुसरीकडे, नवरा मधल्या चार सीटच्या रांगेत. फोनवर पाऊण तास थांबून कोणी बोललं, तेही "एअरपोर्टवर बघा" एवढंच. एअरपोर्टवर काउंटरच्या बाईने आपला नाइलाज आहे म्हणून सांगितलं, शेवटी विमानात एका बार्बाडोसच्या आजींनी मुलाचा चेहरा बघून स्वतःची खिडकी सोडली. वर नवऱ्याच्या सीटचा दिवा बंद आणि माझा फूटरेस्ट खाली येऊन लटकत राहिलेला. तक्रार लिहिली, सात आठवड्यांनी सीटच्या निवडीचे पैसे परत आले, फूटरेस्टबद्दल अवाक्षर नाही. एवढे पैसे घेतल्यावर आठ वर्षांच्या मुलाला आईशेजारी बसवणं ही विनंती करायची गोष्ट नाही, ते त्यांनीच करायला हवं, याचा मला अजून राग आहे. तुमचं बुकिंग असेल तर शेवटच्या आठवड्यात रोज एकदा सीट नंबर उघडून बघा.

आणि लहान मुलांबद्दल एक. प्रीमियमचा मधला आर्मरेस्ट पूर्ण वर जात नाही, खाली भरीव असतो, त्यामुळे मुलाला मांडीवर डोकं ठेवून आडवं होता येत नाही. तो रात्रभर बसून डुलत राहिला, मान सारखी पडत होती, मी हाताने धरून ठेवली. जाताना इकॉनॉमीत हाच मुलगा आर्मरेस्ट वर करून माझ्या मांडीवर तीन तास गाढ झोपला होता, तेही दिवसा! सहा-सात वर्षांपर्यंतचं मूल असेल तर मी प्रीमियम घेणार नाही, तिघांनी इकॉनॉमीतली तीनची रांग घ्यावी आणि मुलाला आडवं करावं.

डिसेंबरचा प्रवास सगळ्यात चांगला झाला. मुलगा ताईकडे नाताळ करून तिच्याबरोबर आठवड्याने येणार होता, आम्ही दोघंच. निघायच्या दिवशी नवऱ्याला केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान बाहेरून का होईना बघायचंच होतं, 29 जून 2024 ला तिथेच आपण साउथ आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-20 वर्ल्ड कप घेतला आणि मग चक्रीवादळामुळे आपली टीम तिथेच अडकून पडली होती. गेटसमोर तो बराच वेळ उभा राहिला, त्या रात्री पहाटेपर्यंत नाचलो होतो आम्ही घरी. मग ताईकडे जेवण, अंघोळ, बाहेर बेडकांची शिट्टीसारखी किरकिर चालू, आणि एअरपोर्ट. डावीकडची जोडी, तिसरी रांग, ब्लँकेट कमरेखाली, पट्टी डोळ्यांवर, जेवणाची गाडी यायच्या आधीच झोप. नाश्त्याच्या दिव्याने जाग आली. पाच तास झाले होते. नवरा उतरल्यावर गाडी चालवत घरी आला, फेब्रुवारीत ते जमलं नव्हतं, टॅक्सी केली होती.

आई येत्या एप्रिलमध्ये पुन्हा येतेय आणि ईस्टरला ताईकडे जायचं ठरलंय. तिकिटं कालच काढली. जाताना सगळे इकॉनॉमी, येताना आई आणि मी प्रीमियममध्ये डावीकडे, आणि नवरा मुलाला घेऊन मागे तीनच्या रांगेत.