क्लाउड गेटचं 'व्हाइट स्नेक' : नाच जबरदस्त, रेकॉर्डिंगने मात्र घात केला

काल रात्री एका स्ट्रीमिंग सर्व्हिसवर पैसे भरून क्लाउड गेटचं 'व्हाइट स्नेक' बघितलं आणि संपल्या संपल्या परत पहिल्यापासून लावलं. लिन ह्वाय-मिन यांनी १९७३ मध्ये तैवानमध्ये ही नृत्य कंपनी काढली आणि हा नाच १९७५ चा, पण जुना वाटतच नाही हो. गोष्ट चिनी ऑपेरातली (म्हणजे तिकडचं पारंपरिक संगीतनाटक) नेहमीची, पांढरी नागीण बाईचं रूप घेते, शू शिएन नावाच्या माणसाच्या प्रेमात पडते, संसार थाटते आणि मग फाहाय नावाचा भिक्षू त्यांची ताटातूट करून तिला पॅगोड्याखाली कोंडतो.

ऑपेरात निम्मं दुःख गाण्यातून कळतं, इथे कोणी तोंडच उघडत नाही, म्हणून मला भीती होती की गाणं काढल्यावर उरणार काय. तर उरतं ते सगळं पोटात आणि पाठीत! लिन न्यूयॉर्कला आधुनिक नृत्यातल्या मार्था ग्रॅहमच्या शाळेत शिकलेले, ते इथे बरोबर कळतं, पोट झटक्यात आत खेचलं जातं, पाठीची कमान होते, आणि वरचे हात मात्र ऑपेराचेच, गोलाई न सोडणारे, म्हणजे एकाच अंगात एक बाई सभ्यपणा सांभाळतेय आणि एक तडफडतेय. त्यात पांढरी आणि तिची सोबतीण हिरवी, अशा दोन्ही नागिणी जमिनीवर सरपटायला लागल्या की ऑपेराचा तो ताठ डौल क्षणात गळून पडतो, मला काटा आला.

सगळ्यात आवडली हिरवी नागीण. ऑपेरात ती पांढरीची विश्वासू सोबतीण, इथे तिलाही तोच माणूस हवाय, त्यामुळे ती नुसती बाजूला असली तरी नजर तिच्याकडेच जाते.

आता तक्रार. कॅमेरा सारखा चेहऱ्यावर का नेता? ऑपेरातून आलेल्या नाचात पावलं बघायची असतात, ती भरभर टाकलेली छोटी पावलं, आणि नेमकी तीच फ्रेमबाहेर. आवाजही दाबलेला, लाय ते-हो यांच्या संगीतातले तालवाद्यांचे ठोके छातीत बसायला हवेत, ते डब्यातून आल्यासारखे येतात. वर्णनात कथेची एक ओळ नाही, नवीन माणसाने कोण कुणाचं हे ओळखायचं कसं?

नाचाला पाचपैकी पाच, रेकॉर्डिंगला दोन. बघणार असाल तर गोष्ट आधी वाचून घ्या, हेडफोन लावा, आणि मोबाइलवर तर अजिबात बघू नका.