वानरं बघायला घेतलेली ८×४२ दुर्बीण : वर्षभरानंतर

जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि पहिल्या पेन्शनमधून दुर्बीण घेतली. साताऱ्यातल्या दुकानदाराने आधी २०×५० पुढे केली, म्हणजे वीसपट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची. "मॅडम, हिच्यातून चंद्रावरचे खड्डे दिसतात." मी म्हटलं, मला अजिंक्यताऱ्यावरची वानरं बघायचीत. हातात धरली तर समोरची पाटीसुद्धा थरथरत होती. शेवटी ८×४२ घेतली, साडेआठ हजारांना.

आठपट म्हणजे कमी वाटतं, पण पट कमी तितका परिसर जास्त दिसतो. आणि वानराची मिशी मोजायची नसते हो, कोण कुणाकडे गेलं ते बघायचं असतं. फेब्रुवारीत चारभिंती स्मारकाच्या अलीकडे एक काळं पिल्लू पंधरा मिनिटांत तीन माद्यांच्या कुशीत फिरलं. तिसरीने उलटं धरलं, ते चिरकलं, तशी आईने येऊन हिसकावून घेतलं. हे सगळं दुर्बीण न हलवता एका नजरेत मावलं. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी यांनी राजस्थानातल्या माउंट अबूच्या वानरांमध्ये हेच पाहिलं आणि पुढे माणसाचं मूलही एकट्या आईने वाढवलेलं नाही, असा विचार मांडला. आमच्या घरी तीन आत्या होत्या, मला तो लगेच पटला.

त्याच चौकटीत टोळीचा नरही दिसायला हवा. धारवाडला १९६०च्या दशकात जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी नोंदवलं, की टोळी बळकावणारा नवा नर दूधपित्या पिल्लांना मारतो. म्हणून पिल्लू हातोहात फिरताना माझा अर्धा डोळा नरावर असतो. आमचा मात्र ढिम्म, पाला खात बसलेला.

भिंग ४२ मिलिमीटरचं असल्याने झुंजुमुंजू उजेडातही चालतं. चष्म्यावरून बघायचं तर डोळ्याकडचं रबर दुमडायचं. उजव्या डोळ्याची कडी एकदा नीट लावून घ्या, नाहीतर डोकं दुखतं. आणि खाऊ देऊन जवळ न बोलावता पन्नास पावलांवरून बघता येतं, हे सगळ्यात मोलाचं. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांनी टांझानियातल्या गोम्बेत केळी ठेवली तर चिंपांझींमध्ये भांडणं वाढली. आपल्याकडे यवतेश्वरच्या घाटात गाडीतून वेफर्स फेकणाऱ्यांना हे कुणी सांगावं!

तक्रार एकच, पण मोठी. खोक्यावर 'वॉटरप्रूफ' छापलंय आणि जुलैत ठोसेघरला आतून धुकं धरलं. दुकानदार म्हणतो, "मॅडम, पावसात कशाला नेली?" आता तांदळाच्या डब्यात ठेवते. पट्टाही मान कापतो. मी जुन्या ओढणीचा शिवून घेतला.

पाचपैकी साडेतीन.