कॅथलिक कॉलेजात फिलॉसॉफी मायनर: दोन सेमिस्टर आणि एका भांडणानंतर

हे परीक्षा संपल्यावर निवांत लिहिणार होते. पण मध्येच ऑफिसातून मेल आला: तुमचा लॉजिकचा पेपर मायनरमध्ये (म्हणजे जोडविषयात) धरता येणार नाही, कारण मेजरच्या (मुख्य विषयाच्या) डिस्क्रीट मॅथ्स या गणिताच्या पेपरात ‘तोच विषय’ झालेला आहे. म्हणजे आणखी एक पेपर आणि त्याची वेगळी फी. तेव्हा राग ताजा आहे तोवर लिहून घेते.

माझी मेजर कॉम्प्युटर सायन्स. मायनर घेतली ती फिलॉसॉफीच्या ओढीनं वगैरे नाही, सरळ हिशेबानं. बऱ्याच कॅथलिक कॉलेजांत फिलॉसॉफीचे एक-दोन पेपर सगळ्यांच्याच माथी असतात. ते सुटणार नाहीतच, तर वर थोडे घालून मार्कशीटवर मायनर का लावून घेऊ नये?

सगळे पहिला प्रश्न विचारतात तो धर्माचा. धर्म गळी उतरवतात का? माझ्या अनुभवात नाही. थिऑलॉजी हा वेगळा विभाग. इथे ‘बायबलमध्ये लिहिलंय’ म्हणून निबंध संपवला तर मार्क जातात. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तची पुस्तकं १६६३ मध्ये चर्चच्या निषिद्ध यादीत गेली होती, जर्मन तत्त्वज्ञ कांटचं मुख्य पुस्तक १८२७ मध्ये. ती यादी १९६६ मध्ये रद्द झाली, आणि आता दोघेही आमच्या सिलॅबसमध्ये आहेत. शिकवतात फादरच.

मध्ययुगातला कॅथलिक तत्त्वज्ञ टॉमस अक्वायनस, त्याच्याबद्दलचं माझं मत मात्र पार फिरलं. सुरुवातीला त्याचं लिखाण उलटं वाटायचं: आधी विरोधकांचे आक्षेप, मग स्वतःचं म्हणणं, शेवटी एकेका आक्षेपाला उत्तर. आपल्याकडच्या पूर्वपक्ष-सिद्धांतासारखंच. मी पानं उलटून थेट उत्तरावर जायचे. मग ‘देव आहे का’ हे प्रकरण आलं. मी नास्तिक, त्यामुळे बाह्या सरसावूनच बसले होते. पहिलाच आक्षेप: देव म्हणजे अमर्याद चांगुलपणा, मग जगात वाईट आहेच कसं? दुसरा: सगळ्याचा उलगडा निसर्गानं आणि माणसाच्या इच्छेनं होतो, मग देव हवा कशाला? माझे दोन्ही हुकमाचे पत्ते त्यानं तेराव्या शतकातच टेबलावर मांडून ठेवलेले, तेही माझ्यापेक्षा नेटके. पहिल्याला दिलेलं उत्तर मला आजही तोकडं वाटतं. तसं म्हटल्यावर फादर म्हणाले, “मग तिसरा आक्षेप तू लिही.”

आता लॉजिक. पहिले कित्येक आठवडे नुसते सिलॉजिझम: दोन आधारविधानं, एक निष्कर्ष, एकूण २५६ प्रकार. बार्बरा, सेलारेंट अशी त्यांची नावं पाढ्यासारखी पाठ करायची. मी वैतागले. म्हटलं, हे काम मशीनचं, आणि एका रात्रीत प्रोग्राम लिहून सगळे प्रकार तपासून टाकले. उत्तर आलं १५ वैध. फादरांच्या फळ्यावर २४.

दोन दिवस बग शोधला. बग नव्हताच. ‘सगळे युनिकॉर्न घोडे आहेत. सगळे युनिकॉर्न शिंगवाले आहेत. म्हणून काही घोडे शिंगवाले आहेत.’ जुन्या पद्धतीत हे चालतं, कारण ‘सगळे अमुक’ म्हटलं की निदान एक तरी अमुक आहे असं धरलेलं असतं. माझ्या प्रोग्राममध्ये तसं काही धरलेलं नव्हतं. पायथॉनमध्ये रिकाम्या यादीवर ‘ऑल’ चालवा, उत्तर ‘ट्रू’ येतं. युनिकॉर्न नसले तरी दोन्ही आधारविधानं खरी, निष्कर्ष मात्र खोटा. २४ आणि १५ मधल्या ९ चा फरक तो एवढाच. डिस्क्रीट मॅथ्समध्ये हे एका ओळीत उरकलं होतं. मी मान डोलावून पुढे गेले होते.

तर ‘तोच विषय’ म्हणणाऱ्या ऑफिसला मी अक्वायनसच्या साच्यात अर्ज लिहिला. आधी त्यांचेच तीन आक्षेप, त्यांच्यापेक्षा जोरकस मांडून. मग माझं म्हणणं. मग एकेकाला उत्तर, सोबत ते नऊ प्रकार तक्ता करून जोडलेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी तक्ता उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, “यावर सही कुणाची?” सहीसाठी तीन चकरा झाल्या.

तक्रारी आणखी आहेत. अक्वायनसवरून देकार्तवर उडी मारली ती एका आठवड्यात, मधली साडेतीनशे वर्षं गायब. रीडिंग अफाट, आणि परीक्षेच्या आठवड्यात मेजरच्या प्रोजेक्टशी हमखास टक्कर. पाचातले चार तारे. कापलेला एक तारा ऑफिसचा.

ताजी बातमी: काल पत्र आलं. त्यात एकच ओळ, ‘विशेष बाब म्हणून मान्य.’ कारण दिलेलं नाही. फादरांना दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, “निष्कर्ष बरोबर आहे. आधारविधानं कुठायत?” फी मात्र वाचली.